शेण वगळून शेणकिडा उरत नाही

प्राण्यांच्या नावांची चर्चा निघाली की शेणकिड्याचे नाव हमखास येते, आणि ते आले की वाद ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एका बाजूला निसर्गाविषयी कळकळ असलेली माणसे म्हणतात, की जो कीटक जमीन भुसभुशीत करतो, माश्यांची पैदास रोखतो आणि बिया मातीआड नेतो, त्याला 'शेणकिडा' म्हणणे हा कृतघ्नपणा आहे. त्याला 'भूमिमित्र' किंवा 'स्वच्छतादूत' असे काहीतरी म्हणावे. दुसरी बाजू हे सारे हसण्यावारी नेते: किड्याला आपले नाव काय आहे हे थोडेच कळते, आणि नावात असे ठेवले आहे तरी काय? दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत असले, तरी त्यांचे गृहीत एकच आहे. नाव म्हणजे वरून डकवलेली चिठ्ठी, तिच्यात कामाची माहिती काही नसते, असे दोघेही मानतात. म्हणून एकाला ती काढून दुसरी डकवणे सोपे वाटते आणि दुसऱ्याला ती राहिली काय नि गेली काय, सारखेच वाटते. माझे म्हणणे असे आहे की शेणकिड्याच्या नावातले 'शेण' कायम राहिले पाहिजे. जुने आहे म्हणून नव्हे. तर त्या प्राण्याविषयी सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या दोन अक्षरांत आहे आणि ती गाळली की त्याचे एकही वागणे आपल्याला कळेनासे होते, म्हणून.

नावांचा परिणाम होतो, हा बदलवाद्यांचा मुद्दा मात्र टाळण्यासारखा नाही, आणि 'नावात काय आहे' असे म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांनी काही उदाहरणांकडे नीट पाहिले पाहिजे. आफ्रिकेतल्या 'रानटी कुत्र्या'ला संरक्षणाचे काम करणारे लोक आता 'रंगीत कुत्रा' म्हणणे पसंत करतात, कारण जुन्या नावामुळे तो पाळीव कुत्र्याचाच उनाड झालेला भाऊबंद आहे असे वाटे. प्रत्यक्षात त्याची प्रजातीच वेगळी आहे. अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०२१ साली 'जिप्सी मॉथ' हे पतंगाचे नाव आपल्या यादीतून काढले आणि २०२२ साली त्याच्या स्पंजासारख्या दिसणाऱ्या अंडीपुंजांवरून 'स्पंजी मॉथ' हे नाव स्वीकारले. दक्षिणेच्या थंड समुद्रातल्या पॅटागोनियन टूथफिश या माशाला १९७७ साली एका अमेरिकी मासळी-व्यापाऱ्याने 'चिलियन सी बास' असे रुचकर नाव दिले, आणि पूर्वी ज्याला फारसे कोणी विचारत नव्हते तो मासा पुढे इतका मागितला गेला की त्याची बेसुमार आणि बेकायदा मासेमारी ही आंतरराष्ट्रीय डोकेदुखी होऊन बसली. तेव्हा नावे माणसांचे वागणे बदलतात, यात शंका नाही.

पण ही उदाहरणे एका माळेत ओवली, तरी एका जातीची नाहीत. जिप्सी मॉथचे नाव बदलले, कारण त्या शब्दाने माणसांच्या एका समूहाचा अपमान होत होता आणि ते ऐकणारी माणसे जिवंत होती; शेणकिड्याच्या नावाने कोणत्याही समूहाला कमीपणा येत नाही. शिवाय तिथे नवे नाव जुन्यापेक्षा अधिक काही सांगते: अंडी कशी ओळखावीत हे त्यात आहे. रंगीत कुत्र्याच्या बाबतीतही जुने नाव चुकीचे होते आणि नवे नाव अंगावरच्या ठिपक्यांकडे बोट दाखवते. माशाच्या नावाने नेमके उलटे केले. तो मासा खऱ्या अर्थाने बास या माशांपैकी नाही, आणि चिलीपुरताही नाही; नाव गोड झाले आणि माहिती गेली. मग 'भूमिमित्र' या नावाला यांपैकी कोणत्या रांगेत बसवायचे? जमिनीचा मित्र गांडूळही आहे, बुरशीही आहे, मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणूही आहेत. जे नाव दहा जणांना सारखेच शोभते, ते ओळख करून देण्याचे काम सोडून केवळ सत्कार करत असते.

सत्काराने शब्दाची प्रतिष्ठा टिकते का, याचे उत्तर शोधायला मराठीबाहेर जाण्याची गरज नाही. 'शौच' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शुचिता, पावित्र्य. घाणीचे नाव तोंडाने घ्यायला नको म्हणून माणसांनी स्वच्छतेचा शब्द पुढे केला, आणि आज 'शौचास जाणे' म्हटल्यावर कोणालाही पावित्र्य आठवत नाही. मग शौचालय नकोसे झाले आणि स्वच्छतागृह आले, तेही पुरेसे सभ्य वाटेना म्हणून प्रसाधनगृह आले. खोली तीच राहिली. याउलट गाढव, घुबड, डुक्कर या शब्दांकडे पाहावे. त्यांत शेण नाही, घाण नाही, वाईट अर्थाचे एक अक्षर नाही, तरीही त्यांच्या शिव्या झाल्याच. म्हणजे शिवी शब्दाच्या अर्थातून निघत नाही. त्या प्राण्याविषयी आपण मनात जे धरलेले असते त्यातून निघते. आणि मनातले बदलले की शब्द आपोआप सावरतो, याचे उदाहरण म्हणजे गांडूळ. कणा नसलेल्या, दुटप्पी माणसाला गांडूळ म्हणण्याची रीत अजूनही आहे, आणि उच्चाराला तो शब्द फारसा सोज्वळ आहे असेही कोणी म्हणणार नाही. तरीही 'गांडूळखत' हा शब्द आज सगळे जण निःसंकोच उच्चारतात. त्यासाठी गांडुळाचे बारसे करावे लागले नाही. ते मातीत काय करते हे लोकांना समजले, एवढेच पुरले.

या वादात प्राचीन इजिप्तचा दाखला तर हटकून दिला जातो: पाहा, त्या लोकांनी या किड्याला देव मानले आणि आपण त्याला शेणात लोटले! दाखला खरा आहे, पण तो देणाऱ्यांच्या विरोधात जातो. इजिप्शियन भाषेत या किड्याचे नाव आणि 'होणे, अस्तित्वात येणे' हे क्रियापद एकाच धातूचे; किड्याचे चित्र हीच त्या क्रियापदाची लेखनखूण. उगवत्या सूर्याचा देव खेप्री याच धातूतून आला, आणि तूतनखामूनच्या राज्याभिषेकाच्या नावात, नेबखेपेरूरे या नावात, हाच किडा कोरलेला आहे. परंतु एवढा मोठा अर्थ त्यांना सुचला कुठून? किडा शेणाचा गोळा करून तो ढकलत नेतो, जमिनीत पुरतो आणि काही काळाने त्याच जमिनीतून नवा किडा वर येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सूर्याचा गोळा आकाशातून ढकलला जातो ही कल्पना त्या गोळ्यावरून सुचलेली आहे. त्यांनी शेणाकडे पाठ फिरवून किड्याला पवित्र केले नाही. ते शेणाकडे टक लावून पाहत होते.

आणि तरीही केवळ पावित्र्याने ज्ञान मिळत नाही, हेही त्याच परंपरेत दिसते. या किड्यांत मादी नसतेच, सगळे नर असतात आणि ते आपले बीज गोळ्यात सोडतात, ही समजूत ग्रीक लेखक प्लूटार्कने इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत नोंदवून ठेवली आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली त्यांपैकी एका जातीला 'स्कॅराबियस सेसर' म्हणजे 'पवित्र' असे शास्त्रीय नाव दिले. त्या विशेषणाने तिच्याविषयी एक ओळही जास्त कळली नाही. ती कळली फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्र या शिक्षकाने आयुष्याची कित्येक वर्षे उन्हात बसून शेणाच्या पोवट्या उपसल्या तेव्हा. वाटेवरून ढकलल्या जाणाऱ्या गोळ्यात अंडे असते, असे सारे जग मानत होते; फाब्रने गोळे फोडून दाखवले की त्या जातीत तो गोळा म्हणजे किड्याची स्वतःची शिदोरी असते, आणि अंड्यासाठीचा नासपतीच्या आकाराचा वेगळा गोळा मादी जमिनीखाली घडवते. तो शोध लागला एका तरुण मेंढपाळामुळे, ज्याने असा एक गोळा खणून त्याच्याकडे आणला. ढकलणाऱ्याच्या मदतीला धावून येणारा दुसरा किडा हा परोपकारी शेजारी आहे, अशीही एक जुनी गोड कथा होती. फाब्रला तो बहुतेक वेळा चोर आढळला. किड्याला सद्गुणांची पदके देण्याची घाई नवी नाही, एवढेच यातून दिसते.

एक दांभिकपणाही इथे नोंदवायला हवा. ज्यांना मराठीत 'शेण' म्हणताना संकोच होतो, ते याच कुळातली शास्त्रीय नावे मोठ्या ऐटीत उच्चारतात. पण 'कॉप्रिस' हे नाव ग्रीक भाषेतल्या विष्ठेच्या शब्दावरून आलेले आहे, 'ऑन्थोफॅगस' म्हणजे सरळसरळ 'शेणखाऊ', आणि 'हेलिओकॉप्रिस' या भल्यामोठ्या भुंगेऱ्यांच्या नावात तर सूर्य आणि शेण एकाच शब्दात शेजारी बसले आहेत. ग्रीकमध्ये म्हटले की ते शास्त्र, आणि मराठीत म्हटले की ती शिवी, असे का व्हावे? 'कॅथार्सियस', म्हणजे शुद्धी करणारा, असेही एक नाव शास्त्रज्ञांनी देऊन पाहिले आहे. म्हणजे स्वच्छतादूत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला. त्यामुळे त्या किड्यांकडे लोक अधिक आदराने पाहू लागले, असे काही झालेले नाही.

'शेण' या शब्दाला मी माहिती म्हणतो ते अलंकारिक अर्थाने नाही. मराठीत गाईम्हशीचे ते शेण, घोड्याची आणि हत्तीची ती लीद, शेळीमेंढीची आणि सशाची ती लेंडी, पक्ष्याची ती शीट. हे भेद ओलावा, तंतू आणि आकार यांचे आहेत, आणि शेणकिड्याच्या जगात त्यांच्यावर सारे अवलंबून असते. त्याचा सर्वांत मोठा पुरावा ऑस्ट्रेलियाने दिला. त्या खंडावर पाळीव गुरे आली ती १७८८ साली, इंग्रजांच्या पहिल्या जहाजांबरोबर. तिथे शेणकिडे नव्हते असे नाही. शेकडो जाती होत्या. पण त्या लाखो वर्षे कांगारूंसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांवर जगल्या होत्या, आणि गुरांच्या ओल्या, पसरट शेणाचे काय करावे हे त्यांतल्या बहुतेकींना जमेना. गुरांची संख्या वाढत गेली, आणि शेणाचे पो जिथल्या तिथे वाळून महिनोन्‌महिने पडून राहू लागले. त्यांच्याखालचे गवत मेले, भोवतालच्या गवताला गुरे तोंड लावीनात, आणि त्या शेणात वाढणाऱ्या माश्यांनी माणसांना आणि जनावरांना सळो की पळो करून सोडले. लेंडीवर जगणारे किडे होते आणि शेणावर जगणारे नव्हते, एवढ्या एका फरकावर एका खंडाची कुरणे बिघडली.

हंगेरीहून तिथे गेलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांनी १९५० च्या दशकात ही उणीव ओळखली, कारण त्यांच्या मायदेशात शेण असे पडून राहिलेले त्यांनी पाहिले नव्हते. पुढे १९६५ ते १९८५ या काळात ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने शेणकिडे आणण्याची मोहीम चालवली. किड्यांबरोबर गुरांचे रोग येऊ नयेत म्हणून त्यांची अंडी तेवढी निर्जंतुक करून, हाताने वळलेल्या शेणगोळ्यांत घालून वाढवावी लागत. एकूण ४३ जाती सोडण्यात आल्या, त्यांपैकी २३ तिथे रुजल्या. आता विचार करावा: ही मोहीम उभी राहिली तेव्हा त्या किड्यांचे इंग्रजी नावही उघडेवाघडे 'शेणभुंगा' असेच होते. त्या नावाने सरकारला, शास्त्रज्ञांना किंवा पशुपालकांना अडवले का? मला तर वाटते की त्या नावाने मदतच केली. दुखणे शेणाचे होते आणि औषधाच्या नावातच शेण होते. ते समजावून सांगायला वेगळ्या प्रचाराची गरज पडली नसावी.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध १९८० च्या दशकापासून गुरांना मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले. औषध उत्तम आहे. त्याच्या शोधाला २०१५ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. पण त्याचा बराच भाग जनावराच्या शेणावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि शेणात वाढणाऱ्या अळ्यांना तो घातक ठरतो, हे त्याच दशकात प्रयोगांनी दाखवून दिले. हा धोका ज्याला समजायला हवा तो माणूस म्हणजे गुरांचा मालक. त्याला 'शेणकिडे मरतात' असे सांगितले, तर औषध, शेण आणि किडा ही साखळी त्या शब्दातच त्याच्या पुढ्यात येते. 'स्वच्छतादूत मरतात' असे सांगितले, तर तो आधी विचारेल, हे कोण? नाव देखणे करण्याच्या हौसेपायी आपण नेमका तोच दुवा तोडणार आहोत का, ज्यावर त्या प्राण्याचे जगणे टांगलेले आहे?

शेणकिड्याची थोरवी सांगायची झाली, तरी शेणाशिवाय ती सांगता येत नाही. स्वीडनमधल्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले, की दक्षिण आफ्रिकेतला 'स्कॅराबियस सॅटायरस' हा निशाचर किडा चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा राखतो. त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी घालून आकाश झाकले की त्याची वाट वेडीवाकडी होते, आणि तारांगणाच्या घुमटाखाली केवळ आकाशगंगेचा पट्टा दाखवला तरी तो बऱ्यापैकी सरळ जातो. ही बातमी जगभर गाजली, आणि नाव बदलू पाहणाऱ्यांचा तो लाडका दाखला आहे. पण किड्याला सरळच का जायचे असते, हा प्रश्न विचारल्याशिवाय शोध अर्धाच राहतो. शेणाच्या ढिगावर झुंबड असते. पूर्व आफ्रिकेत दीड किलो हत्तीच्या लिदीवर सुमारे १६,००० किडे येऊन त्यांनी ती दोन तासांत संपवल्याची नोंद १९७४ साली प्रसिद्ध झालेली आहे. अशा ठिकाणाहून गोळा घेऊन निघालेला किडा जर वळून पुन्हा ढिगाकडेच आला, तर त्याचा गोळा दुसरा कोणी तरी हिसकावून नेणार. तारे पाहण्याची त्याची विद्या शेणावरच्या या मारामारीतून घडली आहे.

इतके म्हटल्यावर या नावाच्या उणिवाही मान्य केल्या पाहिजेत, आणि त्या बदलवादी दाखवतात त्या नाहीत. पहिली उणीव अशी की नाव सगळ्यांना पुरत नाही. या गटात काही जाती कुजके मांस खातात, काही सडलेल्या फळांवर जगतात, आणि दक्षिण अमेरिकेतल्या 'डेल्टोकायलम व्हॅल्गम' या जातीने तर शेण सोडून जिवंत पैशांची, म्हणजे अनेक पायांच्या त्या कवचधारी प्राण्यांची, शिकार धरली आहे. तिला शेणकिडा म्हणणे हे आडनावावरून धंदा ठरवण्यासारखे आहे. दुसरी उणीव उत्तरार्धात आहे. मराठीतल्या 'किडा' या शब्दाच्या आसपास कीड, किडणे, किडका असे सगळे नासाडीचे गोत जमलेले आहे. खोडातली अळी, धान्यातला सोंडा आणि शेण गाडणारा हा मजबूत पाठीचा भुंगेरा यांना एकाच शब्दात कोंबणे अन्यायाचे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते अचूक नाही. कोणी 'शेणभुंगेरा' म्हणू लागले तर माझी हरकत नाही. तिथे माहिती वाढते आणि शेण जागच्या जागी राहते. अपमान शोधणाऱ्यांचे बोट मात्र नेहमी पूर्वार्धावरच जाते, हे गमतीचे आहे.

खरा नावांचा दुष्काळ तर पुढेच आहे. एकट्या 'ऑन्थोफॅगस' या प्रजातीत दोन हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींना कोणत्याही लोकभाषेत नाव नाही. गोळा ढकलणारे किडे चित्रांत सतत दिसतात म्हणून सगळे शेणकिडे गोळेच करतात असे वाटते. प्रत्यक्षात बरेचसे शेणाच्या थेट खाली बोगदा काढून माल आत नेतात, आणि काही त्या शेणातच संसार मांडतात. ढकलणारे, गाडणारे, शेणातच राहणारे, शेणावरचे, लिदीवरचे, लेंडीवरचे, शिंगवाले, बिनशिंगी, दिवसा उडणारे, रात्री उडणारे. ही सारी विशेषणे भाषेत तयार पडलेली आहेत. एका जुन्या नावावर पांघरूण घालण्यात जो उत्साह खर्च होतो, त्यातून निदान डझनभर जातींची नावे तरी होऊ शकतील, आणि ती करायला बसणाऱ्याला हातात काडी घेऊन पहिल्यांदा शेणच उकरून पाहावे लागेल.